खालच्या नगरातले भुईकर

नगर शहरालगत नागापूरच्या एमआयडीसीत बियाण्याचं एक मोठं गोदाम होतं. तिथे आदिनाथनं एकतीस वर्षं उंदीर मारले. कागदावर त्याच्या कामाला दुसरं काहीतरी नाव होतं, पण काम हेच. सकाळी आठला सायकल भिंतीला टेकवायची आणि पोत्यांच्या थप्प्यांमधल्या अंधाऱ्या बोळांतून फिरत राहायचं. लेंड्या ताज्या की वाळलेल्या, कुठल्या पोत्याचा कान कातरलाय, भिंतीच्या कडेनं काळपट पट्टा कुठून कुठे गेलाय, ते पाहायचं. उंदीर रोज एकाच वाटेनं जातो, आणि त्याच्या अंगाचं तेल भिंतीला लागत राहतं. आदिनाथला ते पट्टे वाचता यायचे. शाळेत तो सातवीपर्यंतच होता, पण ही लिपी त्याला कुणी न शिकवता आली.

औषध घालायची त्याची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी बाजरीचा भरडा, त्यात जरा गूळ आणि तेल. औषध नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. उंदीर संशयी जात; नवं काही दिसलं की एखादा म्हातारा पुढे येऊन कण चाखणार आणि बाकीचे थांबणार. दोन दिवस पोट भरून खाल्लं, कुणाला काही झालं नाही, की भीती मोडते. तिसऱ्या दिवशी त्याच भरड्यात काळी पूड.

आणि हे सगळं करताना गोदामात कुणी औषधाचं नाव काढायचं नाही. "आज पाव्हन्यांना जेवन हाय," असंच बोलायचं. आदिनाथचं गाव कोल्हार. तिथेही त्याची आई सापळा लावताना उंदराला मामा म्हणायची, गोड बोलायची. त्याला कळतं, म्हणायची, ऐकत असतो तो, शिवी दिली तर लुगडी कुरतडील. गोदामातले मुकादम, हमाल, ट्रकवाले सगळे तसंच मानत. एकतीस वर्षं मोठमोठी माणसं भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं खोटं गोड बोलत राहिली. त्यांच्यातल्या कुणालाच ते वेगळं वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर आदिनाथला ते वेगळं वाटलं.

सावेडीत मुलाचा, अंगदचा, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. अंगद नागापुरातच एका वर्कशॉपमध्ये. सून मोनिका घरीच शिकवण्या घ्यायची. गॅलरीत दुपारी ऊन यायचं. त्या उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दोन महिने आदिनाथ नुसता भिंतीकडे बघत राहिला. तिसऱ्या महिन्यात खाली जाऊन दोनशे पानी वही घेऊन आला आणि पहिलं वाक्य लिहिलं: आपण ज्याला नगर म्हणतो त्याच्या खाली आणखी एक नगर आहे.

त्या खालच्या नगरात भुईकर राहतात. दिसायला उंदरांसारखे, पण शहाणे. आदिनाथनं त्यांना तलवारी दिल्या नाहीत, अंगरखे घातले नाहीत, राजाही दिला नाही. त्यांचा स्वभाव मात्र पानामागून पान लिहून काढला, जणू कुणी विचारल्यावर शेजाऱ्यांविषयी खरी माहिती द्यावी.

भुईकरांना ओकता येत नाही. (उंदरालाही येत नाही, म्हणून तर औषध चालतं.) पोटात गेलेलं परत येत नाही, हे ज्याला जन्मापासून ठाऊक आहे त्याचा स्वभाव वेगळाच घडतो. भुईकर शब्दही तसाच गिळतात. दिलेला शब्द परत घेणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगता येत नाही. त्यांचे दात मरेपर्यंत वाढतात, म्हणून विचार करतानाही त्यांना काहीतरी कुरतडावं लागतं. जो फार विचार करतो त्याच्या घराच्या भिंती पातळ. त्यांचं आयुष्य तीन पावसाळ्यांचं. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट त्यांना आपल्या पणजोबांच्या काळाइतकी लांबची. ते डोळ्यांनी फार बघत नाहीत, मिशांनी बघतात, आणि त्यामुळे ज्याला स्पर्श केला नाही त्याच्याबद्दल मत बनवत नाहीत. झोपेत त्यांचे पाय हलतात. कालच्या वाटा ते झोपेत पुन्हा चालतात, आणि कधी कधी ज्या वाटेवर अजून गेलेच नाहीत तीही चालून येतात. त्यामुळे खालच्या नगरात अनोळखी गल्ली अशी नाहीच. कुणी ना कुणी ती स्वप्नात पाहून आलेला असतो.

आणि माणसांची भाषा त्यांना पुरती कळते. वरची माणसं खेकसत असली, शिव्या देत असली, की भुईकर निवांत असतात. वरून गोड बोलणं ऐकू आलं की पोरं गोळा करतात. दोन दिवस सारखं गोड ऐकू आलं, तर तिसऱ्या दिवशी कुणी जेवत नाही. त्यांच्या भाषेत मरणाला वेगळा शब्द नाही. तिसरा दिवस, एवढंच म्हणतात. आपसात प्रेम करायचं तर ते एकमेकांवर वसावसा ओरडतात.

"म्हंजे माज्यासारखं," झुंबरबाई म्हणाली.

झुंबरबाई आदिनाथची बायको. चहा झाला की तो वही उघडून मोठ्यानं वाचायचा आणि ती समोर मेथी निवडत नाहीतर तांदूळ पाखडत ऐकायची. तिला अक्षर लागायचं, पण सावकाश. दुकानाची पाटी वाचेपर्यंत रिक्षा पुढे जायची.

"तुज्यावरनंच घेतलंय," आदिनाथ म्हणाला.

"घ्या की. चाळीस वर्सं वरडले, कुटंतरी कामी आलं. आन् त्ये भुईकर च्या पित न्हाईत का वो?"

"उंदीर कशाला च्या पितील?"

"उंदीर कशाला शब्द गिळतील? त्यो गिळतोय तर च्यानं काय घोडं मारलंय?"

मोनिका रोज संध्याकाळी ती पानं मोबाईलवर टाईप करून गोष्टींच्या एका अ‍ॅपवर टाकायची. हळूहळू चारेकशे लोक वाचायला लागले. कुणीतरी विचारलं, भुईकर चांगले की वाईट? गोष्टींमधले शहाणे उंदीर नेहमी दगाबाज असतात, घाणीत राहतात, संधी मिळाली की पाठीत सुरा खुपसतात. तुमचे तसे का नाहीत? मोनिकानं प्रश्न वाचून दाखवला. आदिनाथनं बराच वेळ खुर्चीचा दांडा नखानं खरवडला.

"भ्याले का चावत्यात," तो म्हणाला. "न्हाई भ्याले का न्हाई चावत. त्यात चांगलं काय आन् वाईट काय, लिही."

मोनिकानं तसंच लिहिलं. त्या उत्तराला सगळ्यात जास्त लोकांनी बदाम दिले.

अकरावं प्रकरण लोकांना फार आवडलं. त्यात भुईकरांचा एक कायदा होता. ज्याच्या पोटात औषध गेलंय, किंवा ज्याला आतून काहीतरी खातंय, त्यानं आपल्या पायांनी उठायचं आणि पाण्याच्या दिशेनं निघून जायचं. बिळात थांबायचं नाही, म्हणजे मागच्यांना वास नको, वेळ मोडायला नको, त्यांनी रडत बसायला नको. जाणाऱ्याला कुणी मागून हाक मारायची नाही. तो गेल्यावर त्याची जागा एक रात्र रिकामी ठेवायची, आणि सकाळी कुणीतरी लहान तिथे निजायचं. आदिनाथनं हे इतकं शांत लिहिलं होतं की टाईप करता करता मोनिका ते मोठ्यानं वाचायला लागली. तांदळातला खडा काढून झुंबरबाईनं तो बराच वेळ बोटांत धरून ठेवला होता.

हे दिवाळीच्या आधीचं. जानेवारीत एका मंगळवारी आदिनाथनं चहाची कपबशी पाडली. फरशीभर चहा, बशीचे तीन तुकडे.

"असूं द्या," झुंबरबाई म्हणाली. "लागलं न्हाई ना तुमाला?"

तो हसला. म्हटलं, आज देवी प्रसन्न. बुधवारी तिनं न विचारता पुरण शिजवलं. त्याच्या ताटात तूप वाढताना, "पोटभर जेवा," म्हणाली. दुपारी तो वाचत असताना एकदाही मध्ये बोलली नाही. संध्याकाळी त्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी लावून दिली आणि दोरा दातानं तोडताना क्षणभर तिचं कपाळ त्याच्या छातीला टेकलं. रात्री त्याला स्वप्न पडलं. गोदामाच्या बोळातून तो चालत होता आणि दोन्ही भिंतींच्या आतून कुणीतरी म्हणत होतं, जेवा, पोटभर जेवा.

गुरुवारी तो उठला तेव्हा झुंबरबाई घरात नव्हती. देवापुढे दिवा लावलेला. त्याच्या उशाशी चष्मा पुसून ठेवलेला.

"आई साडेसहाच्या गाडीनं कोल्हारला गेल्यात," मोनिका ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "साळूमावशींकडं. चार दिस ऱ्हाते म्हणाल्यात."

"मला न सांगता?"

"तुमी झोपला होता अण्णा. उठवू नको म्हणाल्या."

"आजून काय म्हनली?"

मोनिका भांडी विसळत राहिली. मग नळ बंद करून तशीच उभी राहिली.

"मागून हाक मारू नका म्हणाल्या."

आदिनाथ खाली बसला. खुर्ची होती, तरी फरशीवर. मंगळवार, बुधवार. आज तिसरा दिवस. आधी त्याला वाटलं, मागच्या महिन्यात खोकल्यासाठी आपली छातीची तपासणी झाली होती, त्यातच काहीतरी निघालं असणार आणि सगळ्यांनी मिळून आपल्यापासून लपवलंय.

"माजं काय निघालं त्ये सांग," तो म्हणाला. "मी भेनार न्हाई."

"तुमचं न्हाई ओ अण्णा." मोनिकाला रडू फुटलं. "आईंचं निघालंय. त्यांनी मला शपथ घातलीय."

मग शपथ मोडून तिनं सांगितलं. छातीत डाव्या बाजूला गाठ. शुक्रवारी ती सासूला दवाखान्यात घेऊन गेली होती, सोमवारी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात, ऑपरेशन करून टाकू, पुढची औषधं घेतली तर बरं होण्यासारखं आहे, पण लांबवू नका. अंगदलाही अजून ठाऊक नव्हतं. झुंबरबाईनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर बाकावर बसून म्हणाली, मला न्हाई कापून घ्यायचं. कोन करनार माजं, समदे रडत बसत्याल.

"मी लई समजावलं," मोनिका म्हणाली. "तर म्हणाल्या, तुज्या सासऱ्यानं कसं चांगलं लिहिलंय बघ. आपल्या पायानं उठायचं, पान्याकडं जायचं. शहान्याचं लक्षन हाय म्हणाल्या. अण्णा, त्या दवाखान्यात तुमचीच गोष्ट सांगत होत्या."

आदिनाथ तारकपूरच्या स्टँडवर आला तेव्हा त्याच्या अंगात कालचाच सदरा होता. मनमाडकडे जाणारी गाडी मिळाली. खिडकीबाहेर ऊस, ट्रॅक्टर, ढाबे, पुन्हा ऊस. धुक्यानं सगळ्याच्या कडा गेल्या होत्या. त्याला वाटलं, आपण खालच्या नगरातूनच चाललोय. आपण लिहिलं म्हणून ते खरं झालं, आणि आता तिथला कायदा आपल्यालाही लागू आहे. हाक मारायची नाही. ही कल्पना एवढी सुंदर कशी वाटली होती आपल्याला? राहुरी आली, गेली. ती का सुंदर वाटली होती, ते त्याला ठाऊक होतं. एवढी एकच गोष्ट त्यानं वहीत लिहिली नव्हती.

साळूबाई अंगणात शेंगा फोडत होती. "नदीवर गेलीय," ती म्हणाली. "आल्यापास्नं दोनदा गेली. भांडलासा का काय, दाजी?"

"न्हाई."

"मंग लईच कायतरी झालं म्हनायचं."

प्रवरेला पाणी बेताचं होतं. देवळाच्या खालच्या पायऱ्यांवर झुंबरबाई बसली होती, चपला बाजूला काढून. एवढ्या लांबून ती फार लहान दिसत होती. आदिनाथ वरच्या पायरीवर थांबला. मग त्यानं जोरात हाक मारली. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायकांनीही वळून पाहिलं.

झुंबरबाईनं मान वळवली नाही. "नगं म्हनलं हुतं ना हाक मारू," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "सवताच लिवता आन् सवताच मोडता."

तो खाली आला, तिच्या शेजारी बसला.

"त्ये खोटं लिहिलंय मी."

"समदं खोटंच हाय की. उंदीर कुटं बोलत्यात?"

"बाकीचं खरं हाय. ह्ये एक खोटं हाय. कंपनीच्या पुडक्यावर लिव्हल्यालं असायचं, उंदीर बाहेर जाऊन मरतात, पान्याच्या शोधात. म्हंजे घेनाऱ्याला बरं वाटतं, घरात वास न्हाई. म्या तितनंच उचललं."

"आन् जात न्हाईत?"

"काई जात्यात. एक गेली न्हवती."

झुंबरबाईनं आता त्याच्याकडे पाहिलं.

"अंगद शाळंत हुता तवाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी नळाखाली एक उंदरीन बसल्याली. औषध चढलं हुतं तिला. मी थप्पीआड हुतो. तर भर उजेडात दुसरी एक आली. उंदीर उजेडात येत न्हाई, तुला म्हाईत हाय. ती आली आन् हिला चिकटून बसली. तिचं कान चाटत हुती. मी म्होरं गेलो, पाय आपटला. हालली न्हाई. काठी वाजवली. माज्याकडं बघितलं तिनं, पर उठली न्हाई. एक वाजल्यापास्नं बसली हुती. ती पयली मेली तरी बसल्यालीच."

"कवापस्तोर?"

"चारचा भोंगा झाला तवापस्तोर."

पाण्यावरून एक बगळा सरकत गेला. पलीकडच्या बायकांचं आपटणं थांबलं होतं, पुन्हा सुरू झालं.

"मंग?" झुंबरबाई म्हणाली. "त्या दुसरीचं काय केलं तुमी?"

आदिनाथ आपल्या हातांकडे बघत राहिला.

"काठी हातात हुती," तो म्हणाला. "कामच त्ये हुतं."

तिनं त्याला दूरही लोटलं नाही आणि समजूतही घातली नाही. नुसती ऐकलेलं आत जाऊ देत होती.

"म्हनून बसनारी कुनी ठिवलीच न्हाई वहीत," ती शेवटी म्हणाली. "समद्यांना आपल्या पायानं धाडून दिलं."

"व्हय."

"आन् मी येडी, त्येच चांगलं म्हनून निगाले." तिचा आवाज चढला. "सोमवारपास्नं जीव मुठीत घिऊन हसतीय मी तुमच्या तोंडाकडं बघून. बशी फोडली तरी गप ऱ्हायले! पुरन काय, गुंडी काय! वर तुमी यवढ्या लांबून बोंबलत आलासा, आंगात मळका सदरा घालून. लोकं काय म्हनतील?"

आदिनाथनं डोळे मिटून घेतले. तिला बोलू दिलं. ती बोलत बोलत कधीतरी रडायला लागली आणि रडता रडताही बोलतच राहिली. त्याच्या चुलत्यांचा उद्धार झाला, गोदामाचा झाला, वहीचा झाला. मग ती थकली. पदरानं नाक पुसून म्हणाली:

"मी भेले हो लई."

"मी बी."

"बायकांच्या वार्डात पुरुषांना बसू देत न्हाईत. मोनिकानं इचारलंय."

"भाईर बसंन."

"भाईर बाकडं न्हाई. नुसतं झाड हाय एक."

"झाडाखाली बसंन."

"दिवसभर? तुमची पाठ धरंल."

"धरू दे."

झुंबरबाईनं पायानं चपला जवळ ओढल्या. एक उलटी पडली होती, ती तिनं सरळ केली, पण घातली नाही. पलीकडच्या काठावरनं कुणीतरी ट्रॅक्टर नदीत उतरवत होतं. त्याचा आवाज पाण्यावरून सावकाश आला.

"मोबाईल हाय का खिशात?" ती म्हणाली.

"हाय."

"मोनिकाला लावा. म्हनावं, डाक्टरीनबाईंना इचार, सोमवारी घेत्याल का." मग जरा थांबून, "अंगदला तुमीच सांगा. माज्यानं व्हनार न्हाई."

आदिनाथनं मोबाईल काढला. उन्हात आकडे नीट दिसत नव्हते. तिनं तळहाताची सावली धरली आणि त्यानं नंबर लावला.